चुलीची देवी आणि वेरूळची घुष्मा

ग्रीक लोकांचा आणि आपल्या मराठवाड्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे बरं का! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात आपल्या पैठणचं आणि तेरचं नाव आहे. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचे, वाट वीस दिवसांची, असं त्यात लिहिलंय.

या ग्रीकांची एक देवी होती, हेस्तिया. चुलीची देवी. दोन देवांनी तिला मागणी घातली, तिनं दोघांनाही नाही म्हटलं. तिच्या भांडणांच्या कथा नाहीत, मूर्तीही थोड्याच. पण घराच्या मधोमध पेटलेली आग म्हणजे हेस्तिया, आणि नैवेद्याचा पहिला वाटा तिचा.

स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावांवर पुस्तक लिहिलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द तेव्हापासून रुळले. देवकथांमध्ये माणसाच्या मनाचे साचे सापडतात, असंही ते म्हणत. तोच धागा धरून अमेरिकेच्या जीन शिनोडा बोलेन यांनी १९८४ मध्ये ग्रीक देवींवरून बायकांचे स्वभाव उलगडले. अंतर्मुख बाईसाठी त्यांनी हेस्तियाला निवडलं.

आपल्याला इतकं लांब जायला नको. वेरूळच्या घृष्णेश्वराची कथा तुम्हाला ठाऊकच असेल. देवगिरीजवळ राहणाऱ्या सुधर्माची पहिली बायको सुदेहा. मूल होईना म्हणून तिनंच आपल्या नात्यातली घुष्मा सवत करून आणली. घुष्मा रोज मातीच्या एकशे एक पिंडी करायची, पुजायची आणि तळ्यात सोडायची. बोलणं कमी. तिला मुलगा झाला, सुदेहाच्या मनात मत्सर पेटला आणि तिनं त्याला मारून त्याच तळ्यात टाकलं. घुष्मानं पूजा मोडली नाही. मुलगा परत मिळाला, आणि देव सुदेहावर कोपला तेव्हा हिनंच तिच्यासाठी क्षमा मागितली. देवाला नाव मिळालं ते या अबोल बाईचं. पुढे मालोजीराजे भोसल्यांनी आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला.

पोटचं पोर गेल्यावरही शांत राहावं, हे मला काही पटत नाही. पण सुदेहाला घुष्माचं गप्प राहणं खुपलं असणार, हे पटतं. आपल्या बचत गटातही अशी एखादी असते. तिला आपण घुमी म्हणतो, कधी गर्विष्ठ म्हणतो, आणि कर्ज कोणाला द्यायचं हे ठरवताना तिचं मत विचारायचंच राहून जातं.

मात्र प्रत्येक गप्प बाई हेस्तिया नसते. कोणी घरच्या धाकानंही गप्प असते. बैठकीआधी एकटीला गाठून विचारलं तर फरक बहुधा कळतो. चारचौघींत विचाराल, तर दोघीही "काही नाही" एवढंच सांगतील.