महामार्गावरील कारवाई, पोलिसांचा गौरव आणि न्यायालयाची कसोटी
अमली पदार्थांची वाहतूक रोखणाऱ्यांना बक्षीस मिळते कसे, आणि खटला टिकतो कशावर?

- विशेष प्रतिनिधी

पहाटेची नाकाबंदी, अडविलेला मालमोटारीचा ताफा, भाजीच्या किंवा नारळाच्या पोत्यांखाली दडविलेला गांजा आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या हस्ते पुष्पगुच्छ स्वीकारणारे पथक! वृत्तपत्रांच्या वाचकांना हे चित्र परिचयाचे आहे. मात्र ते तेथे पूर्ण होत नाही. पकडलेल्या मालाचा निकाल अनेक वर्षांनी सत्र न्यायालयात लागतो आणि त्या रात्री रस्त्यावर केलेली प्रत्येक नोंद तेव्हा तपासली जाते.

मार्ग कोणते?

आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या सीमेवरील डोंगराळ पट्टा हे देशातील बेकायदा गांजा लागवडीचे प्रमुख क्षेत्र मानले जाते. तेथून निघालेला माल हैदराबाद-सोलापूर मार्गे पुण्या-मुंबईकडे किंवा रायपूर-नागपूर मार्गे विदर्भात येतो. गेल्या दशकात मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ची त्यात भर पडली. हा पदार्थ शेतात नव्हे, तर रासायनिक कारखान्यात तयार होतो आणि थोड्या वजनात मोठी किंमत देतो. २०१५ मध्ये तो अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कक्षेत आणण्यात आला.

सन्मानाचे प्रकार

चांगल्या कामगिरीची पहिली दखल घटकप्रमुख घेतात. रोख बक्षीस, प्रशस्तिपत्र आणि सेवापुस्तकातील नोंद असे तिचे स्वरूप असते. राज्यात पोलिस महासंचालकांचे सन्मानचिन्ह महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जाहीर होते. राष्ट्रपतींची पोलिस पदके प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनी घोषित केली जातात. विशेष मोहिमा, तपास, गुप्तवार्ता व न्यायवैद्यक या क्षेत्रांसाठी ‘केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक’ २०२४ मध्ये सुरू करण्यात आले असून, ते ३१ ऑक्टोबरला जाहीर होते.

याखेरीज जप्त पदार्थाच्या प्रमाणावर आधारित बक्षिसाची केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. तिचा लाभ खबऱ्यांना तसेच कर्मचाऱ्यांना मिळू शकतो. मात्र हे बक्षीस सानुग्रह असते. हक्क म्हणून त्याची मागणी करता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी मेफेड्रोनच्या साखळीचा माग शहरातील गोदामापासून कुरकुंभ औद्योगिक वसाहत आणि दिल्लीपर्यंत काढला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पथकासाठी २५ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते.

झडतीचे नियम

१९८५ च्या या कायद्यात शिक्षा कठोर आहे. गांजा २० किलो, चरस एक किलो, हेरॉइन २५० ग्रॅम किंवा मेफेड्रोन ५० ग्रॅम यांपेक्षा अधिक असल्यास ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरते. त्यासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद असून, जामीनही सहजासहजी मिळत नाही. शिक्षा जितकी कठोर, तितकी कार्यपद्धती काटेकोर, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

कलम ४२ नुसार झडती घेणारा अधिकारी शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा असावा लागतो. खबर मिळाल्यास ती लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याची कारणे लिहावी लागतात. आरोपीच्या अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती देण्याचा हक्क त्याला सांगणे कलम ५० नुसार बंधनकारक आहे. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची असते. वाहन किंवा पिशवीच्या झडतीला मात्र कलम ५० लागू होत नाही, असा निर्वाळा २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात देण्यात आला.

यातील सूक्ष्म फरक किती महाग पडू शकतो, हे २०२१ मधील बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्याने दाखविले. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या जीपमध्ये अफूच्या बोंडांचा भुसा सापडला होता. परंतु खासगी वाहन हे कायद्याच्या व्याख्येतील ‘सार्वजनिक ठिकाण’ नाही, सबब कलम ४२ चे पालन आवश्यक होते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. माल सापडला, पण शिक्षा टिकली नाही.

मुद्देमालाची वाट

जप्तीनंतरचे कामही तितकेच मोलाचे. वजन, सीलबंदी आणि मुद्देमाल कक्षातील नोंद यांत तफावत राहिली, की बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. डिसेंबर २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत काढावे लागतात. गांजा, चरस व अफूचे २४ ग्रॅम आणि अन्य पदार्थांचे पाच ग्रॅम, असे प्रत्येकी दोन नमुने घेतले जातात. अटक व जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे.

ही बंधने पोलिसांच्या मार्गातील धोंड आहेत, असे समजण्याचे कारण नाही. मालकाला ठाऊक नसलेला माल वाहनात सापडला, तर वर्षानुवर्षे कोठडीत राहण्याची वेळ एखाद्या निरपराध चालकावरही येऊ शकते. म्हणूनच वाजवी संशयाशिवाय त्रासदायक झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ५८ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गौरव कोणाचा?

भरधाव वाहनासमोर हात करून उभा राहणारा शिपाई आपला जीव धोक्यात घालतो. त्याचा सत्कार व्हायलाच हवा. परंतु बिनचूक पंचनामा लिहिणारा हवालदार, मुद्देमालाची नोंदवही सांभाळणारा कारकून आणि बदली झाल्यावरही साक्षीसाठी न्यायालयात हजर राहणारा तपास अधिकारी छायाचित्रात क्वचितच दिसतात. केवळ जप्तीच्या वजनावर कौतुक मोजले, तर कागदपत्रांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका राहतो. जप्तीच्या दिवशी एक आणि दोषसिद्धीच्या दिवशी दुसरी, अशी शाबासकीची प्रथा रुजली, तर महामार्गावरच्या त्या रात्रीचे खरे चीज होईल.