प्रश्नोत्तरांचे सदर आणि शाळेचा तास

माध्यमिक शाळांतून मुलामुलींना शरीरधर्माचे व स्त्रीपुरुषसंबंधांचे शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे की नाही, हा वाद जणू कालपरवाच उपस्थित झाला असावा अशा आविर्भावाने आपल्याकडे चर्चा चालते. वस्तुतः मराठीत या शिक्षणाचा आरंभ होऊन शतक उलटले, आणि तो आरंभ एका गणिताच्या प्राध्यापकाने केला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापन करीत असत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२३ साली त्या विषयावर आणि गुप्तरोगांपासून बचाव करण्यावर पुस्तके लिहिली. आणि हे कार्य व अध्यापन यांतून एकाचीच निवड करण्याचा प्रसंग आला तेव्हा, १९२५ साली, त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. जुलै १९२७ मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पत्नी मालतीबाईंच्या साहाय्याने, कायम ओढगस्तीत, १९५३ साली त्यांचा देहान्त होईपर्यंत चालले.

या मासिकाचे खरे महत्त्व, माझ्या मते, लेखांपेक्षाही वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे. जे आईबापांना विचारता येत नाही, आणि गुरुजींपुढे ज्याचा उच्चारही करवत नाही, ते लोक पत्राने कळवीत; हस्तमैथुनाने देह क्षीण होतो या समजुतीने भयभीत झालेल्या तरुणाला ते भय निराधार असल्याचे कर्वे सरळ मराठीत सांगत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. जिज्ञासूंच्या शंकांचे निरसन हा गुन्हा होऊ शकत नाही, हा त्यांच्या बचावाचा आशय होता. न्यायालयाला तो पटला नाही आणि दोनशे रुपये दंड झाला.

पुढे कुटुंबनियोजन सरकारमान्य झाले, परंतु त्याचा रोख विवाहितांकडे होता. कुमारवयीन मुले त्या व्यवस्थेबाहेरच राहिली. केंद्र सरकारने शाळांसाठी पौगंडावस्थेतील शिक्षणाचा कार्यक्रम आखला, तेव्हा २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात विविध पक्षांच्या सभासदांनी त्यास हरकत घेतली आणि सरकारने तो बंद केला. संस्कृतिरक्षणाची तीच भाषा ‘समाजस्वास्थ्य’वरील फिर्यादींच्या काळीही कानी पडत असे.

आज दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र आणि लैंगिक रोग यांचा समावेश आहे, ही प्रगती लहान नव्हे. मात्र नकार कसा द्यावा, दुसऱ्याचा नकार कसा मानावा, अनिष्ट स्पर्शाची तक्रार कोणाकडे न्यावी, हे केवळ आकृत्यांवरून समजत नाही. त्यासाठी न संकोचता उत्तर देणारा प्रशिक्षित शिक्षक आणि नाव न लिहिता प्रश्न टाकता येईल अशी पेटी, एवढी तजवीज प्रत्येक माध्यमिक शाळेत झाली पाहिजे.