बक्षीस बायकोचं, नाव नवऱ्याचं

स्कोफिल्ड्सहून रिचमंडकडे जाणारी ट्रेन पकडलीत की पाचवं स्टेशन क्लॅरेंडन. तिथेच हॉक्सबरी शोचं मैदान आहे. गुरं आणि पाळणे बघून झाले की घरगुती केकच्या स्पर्धेपाशी जरा थांबा. अशा स्पर्धांमधल्या बायका इतिहासात सापडतात, पण त्यांना शोधायचं तर आधी त्यांच्या नवऱ्याचं नाव माहीत असावं लागतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९४९ साली पिल्सबरीने (हो, तुमच्या घरी ज्यांचा आटा येतो तेच) आपल्या ऐंशीव्या वर्षानिमित्त शंभर जणांना न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्पर्धेसाठी बोलावलं. पीठ अर्थातच कंपनीचं. थिओडोरा स्मॅफिल्ड यांनी पीठ मळलंच नाही. भिजवलेला गोळा कापडात गुंडाळून कोमट पाण्यात ठेवला, फुगवला, मग साखर आणि सुक्यामेव्यात घोळवून त्याला पीळ दिले. पहिलं बक्षीस मिळालं, ५०,००० डॉलर. साधारण अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई तेव्हा ३,१०० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे हे सोळा वर्षांचे पैसे झाले! पाहुण्यांमध्ये एलिनॉर रूझवेल्ट होत्या. आणि छापून काय आलं? 'मिसेस राल्फ ई. स्मॅफिल्ड'. त्या शंभर कृतींची पुस्तिका मात्र कंपनीने स्वतःच्या नावावर विकली.

तेव्हाचा तो शिष्टाचारच होता, हे खरं. इथेही तेच. न्यू साउथ वेल्समध्ये १९२२ साली कंट्री विमेन्स असोसिएशन सुरू झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष ग्रेस मन्रो. वर्तमानपत्रांसाठी त्या 'मिसेस ह्यू मन्रो'. आपल्याकडचं 'सौ.' निदान बाईचं स्वतःचं नाव तरी पुढे ठेवतं, भले ते सासरी बदललेलं असो.

पण इथल्या शोमधली एक गोष्ट मला अमेरिकेपेक्षा जास्त आवडते. राज्यभर चालणाऱ्या रिच फ्रूट केकच्या स्पर्धेत कृती सगळ्यांना एकच दिलेली असते. मोठ्या मनुकेचे दोन-तीन तुकडे, चेरीचे चार ते सहा, बदामाचे आडवे तीन-चार, इतकं ठरवून दिलेलं. गावच्या शोमध्ये जिंकलं की विभागाची फेरी, तिथून सिडनीचा ईस्टर शो. नवीन काही शोधायचंच नसतं, त्यामुळे कंपनीला उचलून नेण्यासारखंही काही उरत नाही. उरतो तो हात. पुरणपोळीचं साहित्य सगळ्या घरांत तेच असतं, तरी कोणाच्या हातची चांगली हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक असतंच ना, तसंच.

परीक्षक केक कापतात आणि आत फळं सगळीकडे सारखी पसरलीत का ते बघतात. एका बाजूला जास्त उतरली असतील तर तिथेच गुण जातात.