भोंगा कर्कश का वाजतो?

हॉर्न लाउडस्पीकर म्हणजे आपला भोंगा. अलीकडे हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतच जास्त भेटतो, तो विषय इथे नाही. माझं पीएचडीचं काम नळीतून जाणाऱ्या ध्वनिलहरींवर आहे, त्यामुळे मी भोंगा बघतो तो एक पसरत जाणारी नळी म्हणून. आणि मला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो: देवळावर किंवा लग्नात इतकं कर्कश वाजणारं हे यंत्र, त्याचेच भाऊबंद हाय-फायवाले लोक लाखो रुपये मोजून बैठकीत का ठेवतात?

आधी एक प्रयोग करा. रिकाम्या हवेत जोरात बुक्की मारा. हवेला फारसं काही होत नाही, तुमची शक्ती आपलाच हात पळवण्यात आणि थांबवण्यात जाते. साध्या स्पीकरचा कागदी पडदा दिवसभर हेच करत असतो. त्याला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाज होऊन बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. भोंग्याच्या अरुंद गळ्यात मात्र हवा कोंडलेली असते, पडद्याला टेकायला काहीतरी मिळतं. नळी हळूहळू रुंदावत तो दाब बाहेरच्या हवेला सोपवते. चांगला हॉर्न दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त वीज आवाजात बदलतो. याचं गणित आर्थर वेब्स्टर यांनी 1919 मध्ये मांडलं. तेच समीकरण मी आजही रोज सोडवतो.

विजेची किंमत राजूरकरांना सांगायला नको. वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाच्या खाणींसाठीच ओळखलं जातं. पण भोंग्याचा इतिहास वीज नव्हतीच तिथून सुरू होतो. जुन्या ग्रामोफोनमध्ये अँप्लिफायर नव्हता. सुईची थरथर ऐकू येण्याइतकी मोठी करण्याचं काम एकटा कर्णा करायचा. रेकॉर्डिंगही तसंच: 1925 च्या आधी गायक मायक्रोफोनसमोर नाही, कर्ण्याच्या तोंडात गायचे. त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर मांडला. तो लहान होता, स्वस्त होता, पण वीज खाणारा होता. घरात तो चालला. हजारोंच्या सभेत आणि बोलपटात चालेना, कारण तेव्हाचे व्हॉल्व्ह अँप्लिफायर थोडेच वॅट द्यायचे. म्हणून ‘आलम आरा’ (1931) आणि ‘अयोध्येचा राजा’ (1932) यांच्या काळातल्या थिएटरांत पडद्यामागे हॉर्नच असायचे. सभांचंही तसंच. मुंबईच्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवले. 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात त्यांना अटकही झाली. गावोगावी वीज पोचायच्या आधी बॅटरीवर सभा करायची, तर भोंग्याला पर्याय नव्हता.

मग कर्कशपणा कुठून आला? तोंडाच्या मापातून. मोकळ्या हवेत टांगलेल्या हॉर्नच्या तोंडाचा घेर साधारण एका तरंगलांबीएवढा हवा, त्याहून लांब लाटा नीट बाहेर पडत नाहीत. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी 3.4 मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास मीटरभराहून थोडा जास्त. 50 हर्ट्झसाठी दोन मीटरच्या वर. झाडाला बांधायचा भोंगा असतो 40 सेंटीमीटरचा, म्हणजे सुमारे 270 हर्ट्झच्या खालचं सगळं गेलं. डग्ग्याची घुमार गेली, पुरुषाच्या आवाजातला मूळ स्वर गेला. शब्द कळतात, कारण व्यंजनं त्याच्या बऱ्याच वर असतात आणि गाळलेला मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. वर बहुतेक वेळा अँप्लिफायर फाटेपर्यंत पिळलेला असतो. दोष हॉर्नच्या तत्त्वाचा नाही, आखूड केलेल्या हॉर्नचा आहे. हे मी जरा ठासून सांगतो, कारण हाय-फायच्या दुकानातही ‘हॉर्न म्हणजे कर्कश’ असं बिनधास्त ऐकवतात.

अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात यावर झकास तोड काढली. त्यांनी हॉर्न घडी घालून पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन मिळून हॉर्नचा पुढचा भाग होतात. कोपऱ्यात आवाजाला मोकळ्या जागेचा आठवा हिस्साच मिळतो, म्हणून तोंडाचं क्षेत्रफळही आठव्या हिश्श्यात भागतं. अशा स्पीकरची संवेदनशीलता 105 डेसिबलच्या आसपास सांगतात, नेहमीच्या घरगुती स्पीकरची 87 धरू. फरक 18 डेसिबलचा, म्हणजे 63 पट वीज. एक वॅट विरुद्ध 63 वॅट! आठ वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर प्रेम करणारे हॉर्नकडे वळतात ते यामुळे. ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले तेव्हा बाकी जगाने लहान पेटी निवडली, आणि आपल्याकडे घरांच्या खोल्या बघता ते समजण्यासारखं आहे. स्टिरिओला दोन रिकामे कोपरे लागतात. आपल्या घरात एकात कपाट, दुसऱ्यात देवघर.

बंद पडलेल्या एकपडदा टॉकीजचे जुने हॉर्न कुठे विकायला निघाले, तर पैसे देण्याआधी टेप काढा. तोंडाचा व्यास मीटरमध्ये मोजा आणि 108 ला त्याने भागा. येईल तो आकडा मोकळ्या जागेतली खालची मर्यादा, हर्ट्झमध्ये. तोंड चौकोनी असेल तर तेवढ्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ धरा. आकडा 200 च्या वर आला तर खालच्या सुरांसाठी वेगळी पेटी लागेल, तिचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.