गवंड्यावांचून उभें राहिलेलें आनंदवन

कोणतीहि इमारत उभी राहण्यापूर्वीं कामाची जागा उभी राहत असते. चुना कोठें मळावयाचा, विटा कोठें रचावयाच्या, गवंड्याच्या हातीं माल कोणीं द्यावयाचा, ही सारी मांडणी कसबी माणूस मिळणारच असें गृहीत धरून केलेली असते. तो माणूसच मिळेनासा झाला तर काम थांबतें, असा सर्वत्र अनुभव आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोरा गांवाजवळ, या अडचणींतून निराळाच मार्ग निघाला.

१९४९ सालीं बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापन केली आणि १९५१ सालीं विनोबाजींच्या हस्तें आनंदवनाचा प्रारंभ झाला. जमीन खडकाळ व झुडपांनीं वेढलेली. बाबा, साधनाताई, त्यांचीं दोन लहान मुलें, सहा महारोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि गांठीस १४ रुपये, एवढाच काय तो संसार होता.

अशा ठिकाणीं गवंडी कोठून येणार? ज्यांच्या हातची भाजी घेण्यासहि आसपासचे लोक कचरत, त्यांच्या वस्तींत येऊन भिंत कोण रचणार? तेव्हां विहीर खणण्यापासून झोपडी उभारण्यापर्यंत सर्व कामें त्या रोग्यांनींच बाबांच्या बरोबरीनें केलीं. येथें मोठी अडचण हातांची होती. महारोगानें बधिर झालेल्या हातास जखम झालेली कळत नाहीं. बोटें झडलेल्या पंजांत थापी ठरत नाहीं. एका निरोगी गवंड्याचें काम अशा वेळीं अनेकांत वांटून घ्यावें लागतें. कोणीं माती कालवावी, कोणीं वीट द्यावी, कोणीं ओळंबा पाहावा. वेग कमी होतो. पण कामाची जागा हीच शाळा बनते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या, १९२० सालीं पियेर सेरेसोल यांनीं सुरू केलेल्या संघटनेचे देशोदेशींचे तरुण आनंदवनांत आले. त्यांनीं तेथें राहून दवाखान्याच्या इमारती बांधल्या आणि आनंदवनांत पिकलेलें अन्न खाल्लें. परदेशचे लोक जें निःशंकपणें खातात तें आपणांस कां वर्ज्य असावें, असा विचार गांवकऱ्यांच्या मनांत आला आणि भीति ओसरूं लागली. पुढें १९६४ सालीं आनंदनिकेतन महाविद्यालय निघालें. त्याच्या इमारती उभारण्यांत रोगमुक्तांचे हात होते आणि वर्गांत निरोगी घरचीं मुलें बसलीं. ज्यांस गांवानें बाहेर काढलें, त्यांनींच गांवाच्या मुलांस छप्पर दिलें.

कसबाच्या टंचाईनें बांधणीची रीतहि बदलते, याचें उदाहरण इजिप्त देशांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लांकूड व पोलाद दुर्मिळ झालें, तेव्हां स्थपति हसन फाथी १९४१ सालीं न्यूबिया प्रांतांत गेले. तेथील गवंडी आधाराचा लांकडी साचा न लावतां मातीच्या विटांची कमान घालीत. पाठीमागील भिंतीला टेकवून विटांचा प्रत्येक थर तिरपा रचावयाचा, म्हणजे ओल्या मातीची पकड व मागील थराचा टेका मिळून वीट खालीं घसरत नाहीं. ही रीत पुढें डॉ. विकास आमटे यांनीं आनंदवनांत आणली. तुळया नाहींत, लोखंडी सळया नाहींत. त्यामुळें सुतार व लोहार यांची जागाच या मांडणींतून गळाली. राहिलीं तीं वीट, माती आणि शिकलेलीं माणसें.

१९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत, आज गडचिरोली जिल्ह्यांत मोडणाऱ्या हेमलकसा येथें, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथें अडचण भीतीची नव्हती, अंतराची होती. पावसाळ्यांत नद्यांना पूर येऊन वाट तुटे. शहरचा कारागीर व शहरचा माल या दोहोंवर विसंबून चालण्यासारखें नव्हतें. तेथेंहि प्रारंभ झोपडीपासूनच झाला.

कसबी माणसाची किंमत यामुळें कमी ठरत नाहीं. कसब हें शिकतां येतें, व तें शिकविण्यास वेळ द्यावा लागतो, इतकेंच यावरून सिद्ध होतें. आनंदवनानें तो वेळ दिला, आणि ज्या हातांना जगानें निरुपयोगी ठरविलें होतें त्यांनीं भिंती उभ्या केल्या.