थ्री नॉट थ्री

अमेरिकेतल्या भाच्याने मध्यंतरी एक फोटो पाठवला. तिकडे जुन्या लष्करी रायफली दुकानात ओळीने मांडून विकायला ठेवतात. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी मोडीत काढलेला हा माल. हौशी लोक तो विकत घेतात, वर्षानुवर्षांचे ग्रीस पुसून काढतात, बोल्टवरचा आणि नळीजवळचा क्रमांक जुळतो का ते पाहतात आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन चार गोळ्या झाडून येतात. नाण्यांचा किंवा पोस्टाच्या तिकिटांचा असतो तसाच हा नाद. भाच्याला एका रायफलीवर आपले अशोकस्तंभाचे सिंह दिसले आणि खाली ‘आर. एफ. आय.’ अशी अक्षरे. त्याने विचारले, "मामा, ही आपल्याकडची का?"

आपल्याकडचीच. रायफल फॅक्टरी, इशापूर. बंगालमध्ये हुगळीच्या काठी १९०४ पासून हा कारखाना आहे. पण इशापूरची ती रायफल शिरपूरच्या माणसाला विकत घ्यायची म्हटली तर मिळणार नाही. तसे का, हे भाच्याला फोनवर सांगत बसलो असतो तर त्याचे बिल वाढले असते, म्हणून इथे लिहितो.

या घराण्याची मूळ रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या माणसाने तिचा बोल्ट आणि मगझीन योजले. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ साली घेतली. नळीचा व्यास इंचाचा ३०३ सहस्रांश, म्हणून ‘थ्री नॉट थ्री’. पुढे तिची आखूड आवृत्ती निघाली आणि तीच जगभर पसरली. मगझीनमध्ये दहा गोळ्या. उजव्या हाताने बोल्ट उचलायचा, मागे खेचायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा. रिकामे काडतूस बाहेर, नवे आत. सरावलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. पहिल्या महायुद्धात आपले शिपाई हीच रायफल घेऊन फ्रान्सला आणि मेसोपोटेमियाला गेले.

पण आपल्या माणसाच्या हाती चांगले हत्यार द्यायचे की नाही, हा इंग्रजांपुढचा प्रश्न त्याहून जुना आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या दारावरून जातो. पळासनेर ओलांडले की आग्रा रोड सेंधव्याच्या घाटाला लागतो. जेम्स आउट्रमने १८२५ पासून धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांचा बंदोबस्त करायचा त्यांनाच गणवेश आणि बंदूक देऊन राखणीला लावायचे, अशी ती युक्ती. सेंधवा घाटाच्या राखणीवर खाज्या नाईक होता. १८५७ मध्ये तोच इंग्रजांवर उलटला आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. भिल्लांकडे तिरकामठे आणि तोड्याच्या बंदुका, समोर कवायती फौज. निकाल काय लागायचा तो लागला.

त्यानंतर इंग्रजांनी एक पथ्य कायम पाळले. हिंदी शिपायाला द्यायचे हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागचे असावे. १८७८ च्या हत्यार कायद्याने तर प्रजेच्या हातातली बंदूक परवान्यात अडकवली, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली.

या अविश्वासाचा मला सर्वांत बोलका वाटतो तो नमुना इशापूरलाच तयार झाला. चांगल्या थ्री नॉट थ्री रायफली घेऊन त्यांच्या नळीच्या आतले आटे काढून टाकले, भोक मोठे केले आणि .४१० ची गुळगुळीत नळीची बंदूक बनवली. बहुतेकींच्या मगझीनमध्ये लाकडी ठोकळा ठोकला, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायची. या बंदुका पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी. उद्या तो पहारेकरी उलटला तर त्याची गोळी लांब जाऊ नये आणि दुसरी लवकर सुटू नये! दिसायला रायफल, कामाला फटाकडी. आज परदेशातले संग्राहक हीच बंदूक मोठ्या कौतुकाने शोधत असतात.

(चिमठाण्याला १४ एप्रिल १९४४ रोजी पत्री सरकारच्या आणि खानदेशच्या क्रांतिकारकांनी सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हत्यारी पोलिसांच्या पहाऱ्यातून लुटला. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळे लिहीन.)

शिकारीचा शौक असलेल्या संस्थानिकांचे आणि साहेबांचे काय? लष्करी मापाची गोळी बाजारात आली तर ती बंडखोराच्या हाती जाईल, या भीतीने सरकारने .३०३ खाजगी माणसाला बंद केली. मग .३१५ ची रायफल आली. बांधा ली-एनफिल्डचाच, पण सैन्याची गोळी तिच्यात बसणार नाही. स्वातंत्र्यानंतर आपण हीच व्यवस्था पुढे चालवली. इशापूरची .३१५ आजही परवान्यावर मिळते; .३०३ मात्र निषिद्ध बोअरमध्ये मोडते. इंग्रज गेला, त्याचा संशय राहिला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे सरसकट म्हणवत नाही. पानटपरीवरच्या भांडणात काठ्या निघतात तिथे रायफली निघाव्यात असे कोणाला वाटेल? आमच्या सातपुड्याच्या कडेच्या शेतकऱ्याला रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाचा परवाना मिळतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. माझी तक्रार निराळी आहे, ती पुढे येईल.

आपला आजचा हत्यार कायदा १९५९ चा. तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला. आणि २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. हिमालयात आपल्या जवानांनी आपोआप भरणाऱ्या चिनी रायफलींना तोंड दिले ते याच थ्री नॉट थ्रीने, दर गोळीला बोल्ट ओढत, गारठलेल्या बोटांनी. त्या धक्क्यातून १९६३ साली कॉलेजच्या मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती ऐच्छिक झाली, पण तोवर मी सापडलो होतो.

कवायतीला आम्हाला ‘डी. पी.’ रायफली असत. नळीला भोक पाडून कायमची निकामी केलेली हत्यारे. वजन मात्र शाबूत, चार किलो. ‘बाजू शस्त्र’, ‘कंधे शस्त्र’ करता करता खांदा सोलून निघे. खरी गोळी झाडायला मिळाली ती कँपात. जमिनीवर पालथे झोपून दस्ता खांद्याला घट्ट दाबायचा, श्वास रोखायचा आणि चाप हळूच ओढायचा. दस्ता सैल धरला तर गालफड सुजलेच. पाच गोळ्यांपैकी माझ्या दोन निशाणाच्या कागदाला लागल्या, आणि त्यातली एक बहुधा शेजारच्या मुलाची होती. नंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक कमी भरली म्हणून आमची सगळी तुकडी गुडघ्यांवर बसून गवतात तासभर हात फिरवत होती. पुंगळीच्या तळावर ‘के. एफ.’ असे उठवलेले असे, म्हणजे पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी.

चीनच्या युद्धानंतर सैन्य ७.६२ मिलिमीटरच्या गोळीकडे वळले. त्याच गोळीसाठी इशापूरने जुन्याच बांध्याची ‘टू ए’ आणि ‘टू ए वन’ ही बोल्टची रायफल काढली, बारा गोळ्यांच्या मगझीनची. भाच्याच्या फोटोत तीच होती. आणि ७.६२ ची काडतुसे करण्यासाठी १९६४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला कारखाना उभा राहिला, म्हणजे खानदेशचा या विषयाशी संबंध अगदीच ऐतिहासिक राहिला नाही.

सैन्याने थ्री नॉट थ्री सोडली, पण ती मोडीत निघाली नाही. ती पोलिसांकडे उतरली. माझी तक्रार इथे आहे. घरात मोठ्याचे कपडे धाकट्याला येतात तसे हे झाले. फरक इतकाच की धाकट्यावर गोळ्या सुटत होत्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथे पडले. पन्नासाहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेऊन त्या दोघांवर गोळी झाडली. १८९५ च्या कुळातले हत्यार, २००८ साल. पुढे यादवांना शौर्यपदक मिळाले. इंग्रजाने शिपायाला मागच्या पिढीचे हत्यार दिले ते भीतीपोटी. आपण आपल्याच हवालदाराला ते का दिले, याचे मला एकच उत्तर सुचते. त्याची कोणाला आठवणच झाली नाही.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला. ती बातमी आली तेव्हा पोलिसातून निवृत्त झालेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तीस वर्षे त्याने ही रायफल वागवली. मी विचारले, "किती गोळ्या झाडल्यास रे?" म्हणाला, "सर, चांदमारीला नेत तेव्हा झाडल्या तेवढ्याच. बाकी आयुष्यभर तिला चिंधी मारली. पुसून पुसून तिचं वजन पाव किलोनं कमी केलं असेल मी."