अणदूरच्या भारतवैद्य आणि मनाचे दुखणे

निजामाच्या अमदानीत ज्या मुलखाचा कारभार एके काळी नळदुर्गाहून चाले, त्याच मुलखातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या द्वारे खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावातच आरोग्यसेवा देणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून सिद्ध केले, ही मराठवाड्याच्या इतिहासात, माझ्या मते, कोणत्याही लढाईइतकीच स्मरणीय घटना होय.

मनाच्या दुखण्यावरचा एक उपाय मात्र दूर देशी आकारास आला. १९९३ साली अमेरिकेतील सिएटल येथील प्राध्यापिका मार्शा लिनेहान यांनी, आत्महत्येच्या विचारांनी वारंवार ग्रासलेल्या स्त्रियांसाठी योजिलेली द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दुःखाचा आहे तसा स्वीकार आणि आचरणातील पालट, ही दोन्ही एकाच वेळी साधावयास ती शिकविते. भावनेचा लोट अनावर झाला असता थंड पाण्यात तोंड बुडवून, श्वास संथ करून, तो ओसरेपर्यंत तग धरणे हे तिचे एक साधन. लिनेहान स्वतः तारुण्यात आत्महत्येच्या विचारांच्या याच यातनांतून गेल्या होत्या, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले.

पुढे इकडे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी महाराष्ट्र शासनाने योजिलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारू लागल्या. लक्षणे ओळखल्यानंतर उपयोगी पडणारी लिनेहान यांच्या पद्धतीतील साधनेही त्यांच्या हाती, भारतवैद्यांच्याच रीतीने, रीतसर शिक्षण देऊन सोपविली जावीत, असे मला मनापासून वाटते.